कळसूबाईचा उतार आणि दोन काठ्या

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणतं, हे शाळेतलं लहान मूलही सांगतं. कळसूबाई, 1646 मीटर. फुटांत सांगायचं तर 5400. जुन्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, नाशिक जिल्ह्याच्या हद्दीला लागून हा डोंगर उभा आहे. पायथ्याचं गाव बारी. आम्हा नाशिककरांनी घोटीपर्यंत मुंबईचा हमरस्ता आणि पुढे भंडारदऱ्याकडचा रस्ता धरला, की दीड-दोन तासांत बारीत पोहोचता येतं. गाव आधीच बऱ्यापैकी उंचावर असल्यामुळे प्रत्यक्ष चढावं लागतं ते साधारण 800 ते 900 मीटर. आणि तेवढंच उतरावं लागतं. मी मुख्यतः या उतरण्याविषयी आणि उतरताना हातात धरायच्या काठीविषयी लिहिणार आहे. आमच्या वयाच्या बायकांचे गुडघे चढताना कुरकुरतात, पण रडवतात ते उतरताना, आणि ही गोष्ट काठी विकणारा दुकानदार कधी सांगत नाही.

हा विषय आमच्या घरात आला तो आपामुळे. आपा माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, वय 57. दुल्हाभाई एसटीत कंडक्टर होते आणि त्यांच्या नोकरीतली बरीच वर्षं घोटी-राजूर-अकोले या रस्त्यावर गेली. घरी आले की ते डोंगराच्या बातम्या सांगत. आज कळसूबाईवर ढग होता, आज वरचं देऊळ स्वच्छ दिसलं, आज बारीला मुंबईची तीस पोरं उतरली आणि सुट्ट्या पैशांसाठी डोकं खाल्लं. एकदा आपण दोघं जाऊ, असं ते आपाला म्हणत. त्यांची रजा आणि मुलांच्या परीक्षा यांचा मेळ काही बसला नाही. अडीच वर्षांपूर्वी त्यांचा इंतकाल झाला. इद्दत संपली तरी आपा घराबाहेर फारशी पडेना, आणि गुडघे दुखायला लागले ते त्याच काळात. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, झीज सुरू झाली आहे पण सुरुवातीची आहे. बसून राहाल तर त्रास वाढेल. चालत राहा, मांडीचे स्नायू मजबूत करा, जिना आणि उतार मात्र जपून.

गेल्या पावसाळ्यानंतर एक दिवस जेवताना ती म्हणाली, "मला कळसूबाईला जायचंय. तुम्ही नेताय, की मी एकटी जाऊ?"

तिच्या मुलाने घास खाली ठेवला. "अम्मी, चढशील तू. उतरवणार कोण तुला? वर गाडी जात नाही, रोपवे नाही."

त्याचा प्रश्न बरोबर होता. चढताना दम लागतो. दम लागला की माणूस थांबतो, बसतो, पाणी पितो, पुन्हा निघतो. उतरताना दम लागत नाही म्हणून कोणी थांबत नाही, आणि प्रत्येक पावलाला अंगाचं सगळं वजन वाकलेल्या गुडघ्यावर येतं. मांडीचा पुढचा स्नायू तेव्हा ब्रेकचं काम करतो. तासन्‌तास ब्रेक दाबून तो थकला की गुडघा लटपटतो, म्हणून माणसं पडतात ती बहुधा शेवटच्या तासात, गाव दिसायला लागल्यावर. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी लोकांना 25 अंशांच्या उतारावर काठ्यांसह आणि काठ्यांशिवाय चालवून गुडघ्यावरचा भार मोजला होता. दोन काठ्यांनी तो 12 ते 25 टक्क्यांनी कमी झाला. झिजलेल्या गुडघ्याला नेमका तेवढाच आराम मिळेल असं यावरून म्हणता येत नाही; पण भार पायांकडून हातांकडे जातो, एवढं नक्की.

तेव्हा काठ्या घ्यायच्या ठरल्या, आणि आपाने पहिल्याच दिवशी अट घातली. दीड हजाराच्या वर एक रुपया नाही.

दुकानात ट्रेकिंग पोल विचारले की पहिल्यांदा वजन ऐकवतात. कार्बन फायबरची जोडी पुढे करतात, हातात द्यायला लावतात, "बघा मॅडम, पिसासारखी." हलकी असते यात शंका नाही. कार्बनची जोडी साधारण 350 ते 450 ग्रॅम भरते, अ‍ॅल्युमिनियमची 450 ते 600. एका काठीमागे फरक 50 ते 100 ग्रॅमचा, म्हणजे फार तर एका मोठ्या बटाट्याएवढा. हा फरक क्षुल्लक नाही. दिवसभरात एक काठी 5,000 वेळा उचलली असं धरलं, तर 100 ग्रॅमच्या हिशेबाने हाताने 500 किलो जास्तीचे उचलले. माझ्या मुलीने हे गणित दुकानातच मांडलं आणि दुकानदार खूश झाला. मग मी किंमत विचारली. चार हजारांच्या पुढे. अ‍ॅल्युमिनियमच्या चांगल्या काठ्या तिथेच, शेजारच्या खोक्यात, एकेक सहाशे-सातशेला होत्या.

पैसे सोडले तरी आमच्या डोंगरांसाठी मी अ‍ॅल्युमिनियमच सुचवीन. सह्याद्रीचा कातळ म्हणजे काळा बेसॉल्ट. वाटेवर सुटे धोंडे, धोंड्यांमध्ये फटी. काठीचं टोक फटीत अडकतं आणि आपण पुढे गेलेलो असतो. काठीवर आडवा जोर येतो. असा आडवा जोर कार्बनला सोसत नाही, तो कट्‌दिशी मोडतो, आणि धोंड्यावर आपटून नकळत चरा पडला असेल तर आणखी लवकर मोडतो. अ‍ॅल्युमिनियम वाकतं. वाकलेली काठी गुडघ्यावर दाबून थोडीफार सरळ करता येते, निदान गावापर्यंत टेकत येता येतं. ज्यांना पाठीवर तंबू घेऊन आठ-आठ दिवस चालायचं आहे त्यांनी कार्बनचा विचार जरूर करावा. वर्षातून चार डोंगर करणाऱ्या गृहिणीने त्या पैशांत चांगले बूट घ्यावेत.

पण काठी निवडताना सर्वांत आधी पाहायचं ते वजनही नाही आणि धातूही नाही. पाहायचा तो लॉक.

या काठ्या दोन किंवा तीन नळ्यांच्या असतात, एकीत एक सरकणाऱ्या. हव्या त्या लांबीवर नळी पक्की करायची सोय दोन तऱ्हेची मिळते. एकीत नळी पिळून घट्ट करायची. आत एक प्लॅस्टिकचा तुकडा फुगतो आणि नळीला धरून बसतो. दुसरीत बाहेरून एक खटका असतो, सायकलची सीट वर-खाली करायला असतो तसा. पिळायची तऱ्हा स्वस्त, आणि दिसायला सुबक. पण आतल्या तुकड्यावर धूळ बसली, ओल आली किंवा तो झिजला, की पकड सैल होते. आणि बाहेरून काही कळत नाही. कळतं ते अंगाचा भार टाकल्यावर. खटक्याची काठी उघड्या डोळ्यांनी तपासता येते, खटक्याला एक बारीक स्क्रू असतो, तो नाण्याने किंवा हाताने अर्धा फेरा आवळला की सैलपणा गेला. गुडघेदुखीवाल्या माणसाने पिळायची काठी फुकट मिळाली तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बारीक घडी होणाऱ्या, आत दोरी असलेल्या काठ्याही येतात. त्या मिटल्यावर हातभरच राहतात, बॅगेत छान बसतात, पण त्यांतल्या स्वस्त काठ्यांची लांबी बदलता येत नाही. चढाला एक लांबी आणि उताराला दुसरी लागते, म्हणून आम्ही त्या नाकारल्या.

दुकानात परीक्षा घ्यायला लाजू नये. काठी आपल्या मापाला उघडायची, खटका लावायचा, टोक जमिनीवर टेकवून मुठीवर दोन्ही हातांनी अंगाचा पूर्ण भार टाकायचा. आपाने असं केलं तेव्हा दुकानातला मुलगा घाबरून म्हणाला, "आंटी, तुटेल!" आपा म्हणाली, "बेटा, तुटायची असेल तर इथंच तुटू दे." त्या खोक्यातल्या तिसऱ्या काठीची नळी बोटभर आत सरकली. ती बाजूला ठेवली आणि बाकीच्यांतून दोन निवडल्या. स्प्रिंग बसवलेल्या काठ्याही त्याने दाखवल्या, धक्का शोषून घेणाऱ्या. वजन वाढतं, किंमत वाढते, आणि टेकल्यावर काठी दबते म्हणून नवख्या माणसाला आधाराचा भरवसा वाटत नाही. त्या परत दिल्या.

मूठ रबराची असली की घामाने हात सोलवटतो. कॉर्कची मूठ सर्वांत चांगली. घाम टिपते आणि हळूहळू हाताच्या आकाराची होते. पण महाग. फोमची मूठ मऊ असते आणि आपल्या किमतीत बसते. बायकांचा पंजा लहान, तेव्हा मूठ धरल्यावर अंगठा आणि बोटं एकमेकांना टेकतात का, ते पाहावं. मुठीच्या खालीही नळीवर वीतभर फोम असेल तर फारच उत्तम, कारण अवघड टप्प्यावर लॉक न उघडता हात खाली सरकवून काठी आखूड करता येते.

मापाचं सोपं आहे. बूट घालून सपाट जमिनीवर उभं राहायचं, काठी पायाशेजारी टेकवायची, मूठ धरली की कोपरात काटकोन व्हायला हवा. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईला हे माप 105 ते 110 सेंटीमीटर येतं. चढाला यातून पाच सेंटीमीटर कमी करायचे, उताराला पाच ते दहा वाढवायचे. नळीवर आकडे छापलेले असतात. काही काठ्या 110च्या खाली येतच नाहीत, त्या उंच पुरुषांसाठी ठीक. आपल्यापैकी बहुतेक जणींना निरुपयोगी.

घरी आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलल्या. खोक्यावर 240 ग्रॅम छापलं होतं, एकेक काठी भरली 255. रबरी टोपी आणि टोकाजवळची चकती बहुधा मोजली नसावी. दोन काठ्यांचे 1,300 रुपये झाले. उरलेल्या दोनशेच्या जादा रबरी टोप्या घे, असं मी सुचवलं. आपाने त्या पैशांची बिर्याणी मागवली.

काठी आणली आणि डोंगरावर गेलो, असं मात्र करू नये. दोन काठ्या धरून चालणं पहिल्या दिवशी फार विचित्र वाटतं, हात कुठे न्यावेत कळत नाही. नाशिकच्या पांडवलेण्याच्या पायऱ्या आम्हाला जवळ. पाच रविवार फज्रनंतर आपा आणि मी तिथे गेलो. पहिल्या रविवारी येणारे-जाणारे पाहून हसले. बुरखेवाली बाई आणि हातात दोन काठ्या, बर्फात घसरायला निघाल्यासारख्या! आपा चौथ्या पायरीवर थांबली, परत जाऊ म्हणाली. तेवढ्यात खाली उतरणाऱ्या एक वयस्क मराठी काकू जवळ आल्या, स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "कुठे मिळाल्या हो या? केवढ्याला?" दुकानाचा पत्ता सांगता सांगता आपा वीस पायऱ्या चढून गेली होती.

तिथे शिकलो त्या गोष्टी. पट्ट्यात हात वरून घालायचा नाही. खालून वर आणायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची. त्यामुळे भार मनगटावर पट्ट्यातून येतो आणि मूठ करकचून आवळावी लागत नाही. पायरी उतरताना दोन्ही काठ्या आधी खालच्या पायरीवर टेकवायच्या, भार हातांत घ्यायचा, मग पाय. घाई केली की पाय आधी जातो आणि काठी मागून शोभेला येते. कपड्यांचंही तिथेच ध्यानात आलं. घोळदार बुरख्याच्या कडेत काठीचं टोक अडकतं. आपाने सलवार-कुर्त्यावर पोटरीपर्यंत येणारा, कमी घेराचा अबाया शिवून घेतला. पर्दाही राहिला आणि पाऊल कुठे पडतं तेही दिसू लागलं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही चौघं निघालो. आपा, तिचा मुलगा, माझी मुलगी आणि मी. बारीत उतरलो तेव्हा साडेसहा वाजले होते आणि हातांत बोटं गोठत होती. गावातला एक मुलगा बांबूच्या काठ्या घेऊन उभा होता, तीस रुपयांना एक. मी एक घेतली. त्या काठीला नावं ठेवायला माझ्याकडे काही नाही. इथली महादेव कोळी माणसं पिढ्यान्‌पिढ्या अशाच काठीने हा डोंगर चढउतार करत आली आहेत. काठी छातीपर्यंत उंच, उतारावर दोन्ही हातांनी धरून एका बाजूला टेकत यायचं. हजरत मूसा अलैहिस्सलाम यांच्या असाचा उल्लेख कुरआनात येतो, तिथेही टेकायला, बकऱ्यांसाठी पाला झोडायला आणि इतर कामांना ती उपयोगी पडत असल्याचं ते सांगतात. बांबूला लॉक नाही म्हणून लॉक बिघडतही नाही. अडचण एवढीच की ती मिटत नाही, आणि कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत.

वाट गावाबाहेर शेतांतून जाते, ओढा ओलांडला की चढ सुरू होतो. ज्यांना वर जाणं जमत नाही त्यांच्यासाठी कळसूबाईचं एक छोटं देऊळ खालीच आहे. पुढे मुरुमाची आणि धोंड्यांची वाट, मध्ये मध्ये बांधलेल्या पायऱ्या, कठडे. ऊन वर येईपर्यंत आपा एका संथ गतीने चढत राहिली. दहा मिनिटं चालायचं, दोन मिनिटं काठ्यांवर रेलून उभं राहायचं. बसायचं नाही. बसलं की उठताना गुडघा दुखतो, हे तिचं स्वतःचं शास्त्र.

पहिल्या शिडीपाशी काठ्या मिटवून बॅगेच्या बाजूला उभ्या बांधल्या. इथे दोन-तीन तरुण पट्ट्यांनी मनगटाला काठ्या लटकवून शिडी चढत होते, आणि त्या खालून येणाऱ्यांच्या तोंडासमोर हेलकावत होत्या. शिडीवर दोन्ही हात शिडीचेच. बांधायला-सोडायला मिनिट जातं, जाऊ द्यावं. माझा बांबू मी एका टपरीवाल्या मावशींकडे ठेवला. त्यांनी तो भिंतीला लावला, तिथे आधीच पाच-सहा बांबू उभे होते.

शिड्या पार करून वरच्या सपाटीवर, विहिरीपाशी पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. साडेचार तास झाले होते. इथून शेवटची शिडी आणि वर शिखर, देवळाचा छोटासा चौकोन. खाली भंडारदऱ्याचं पाणी पसरलेलं. प्रवरेवरचं ते धरण 1926 साली पुरं झालं, त्याला विल्सन डॅम म्हणत, असं दुल्हाभाई प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. दुसऱ्या बाजूला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले ओळीने. आपा बराच वेळ डोंगरांकडे पाहत नव्हती, खाली रस्ता कुठे दिसतो ते शोधत होती. एक लाल ठिपका सरकताना दिसला तेव्हा म्हणाली, "ती बघ, गाडी."

भाचा आणि माझी मुलगी शेवटच्या शिडीकडे निघाले. मी आपाकडे पाहिलं. तिने डावा गुडघा हाताने चाचपला, दोनदा वाकवला, सरळ केला. "तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. "मला अजून सगळं उतरायचंय." पाच मिनिटांची शिडी राहिली होती. मी आग्रह केला नाही. वरून आम्ही हात हलवले तेव्हा तिने एक काठी उंच केली.

जोहरची वेळ झाली तेव्हा विहिरीच्या पाण्याने वुजू केला. मोकळ्या जागेत नमाज पढताना समोर सुतरा असावा, म्हणून आपाने एका काठीची रबरी टोपी काढून टोक मातीत रोवलं. पलीकडे ट्रेकर पोरांचा घोळका आवाज करत फोटो काढत होता. काठी पाहून एकाने बाकीच्यांना बाजूने जायची खूण केली.

बारा-साडेबाराला उतरायला लागलो. उताराला काठ्या 115वर लावल्या. रबरी टोप्यांचं इथे सांगायला हवं. बांधलेल्या पायऱ्या, कोरडा कातळ, डांबरी रस्ता इथे टोपी हवी. खालचं धातूचं टोक कातळावर खडखडतं आणि घसरतं. मुरूम आणि घसारा लागला की टोपी काढायची, टोक मातीत घुसायला हवं. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडावर मात्र काही खरं नाही, तिथे काठीवर पूर्ण भार टाकूच नये. चकती चिखलासाठी, कोरड्या दिवसांत ती काढून ठेवली तरी चालते.

शिड्या उतरल्यावर घसाऱ्याचा एक टप्पा आहे, बारीक खडी पायाखालून मण्यांसारखी निसटते. भाच्याने स्वतःसाठी ऑनलाइन मागवलेली जोडी आणली होती, चारशे रुपयांत दोन काठ्या, स्प्रिंगसकट, पिळून घट्ट करायच्या. चढताना त्या उत्तम चालल्या, कारण चढताना काठीवर फारसा भार पडतच नाही. इथे त्याने उजव्या काठीवर अंग टाकलं आणि खालची नळी सर्रकन आत गेली. तो पुढच्या बाजूला गेला, सावरला, आणि बसला. तळहात सोलला, पँट फाटली, बाकी काही नाही. अल्लाहची मेहेरबानी. सव्वीस वर्षांचा होता म्हणून सावरला. तीच काठी आपाच्या हातात असती तर, हा विचार त्याच्याही मनात आला असणार. कारण उठल्यावर त्याने आपल्या काठ्या बॅगेत टाकल्या आणि आईच्या खालच्या बाजूला, दोन पावलं पुढे, वळून वळून पाहत चालू लागला.

"अम्मी, एक दे ना मला," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"दोन्ही माझ्या आहेत," आपा म्हणाली. मी माझा बांबू त्याला दिला.

आपाचं उतरणं मी मागून पाहत होते. दोन काठ्या पुढे, खट, मग डावा पाय, मग उजवा. लहान पावलं. तीव्र उतार आला की ती सरळ न उतरता वाटेच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला तिरपी जायची. मोठ्या धोंड्यावरून उतरायचं असलं की पट्ट्यांतून हात काढून घ्यायची, काठी फटीत अडकली तर मनगट ओढलं जाऊ नये म्हणून. आमच्या मागून निघालेले सगळे आम्हाला ओलांडून पुढे गेले. एका घोळक्यातल्या मुलीने विचारलं, "आंटी, हेल्प पाहिजे?" आपा म्हणाली, "नको बेटा, तू जा. उशीर झाला तरी मला कुणी रागवणारं नाही."

पाच तास लागले. चढायला लागले त्याहून जास्त. शेतं लागली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं आणि माझा स्वतःचाच उजवा गुडघा बोलू लागला होता. आपाने काठ्या मिटवल्या नाहीत, डांबरी रस्त्यापर्यंत तशीच आली, टोप्या लावून. दुसऱ्या दिवशी तिचे दंड आणि खांदे भरून आले. गुडघे नेहमीसारखेच होते, अल्हम्दुलिल्लाह. दंड दुखणं चांगलं. भार कुठे गेला ते कळलं.

घरी आल्यावर काठ्यांच्या नळ्या पूर्ण वेगळ्या करून ओल्या फडक्याने पुसायच्या आणि सुट्याच ठेवून वाळवायच्या. आत ओल राहिली तर धातूवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि नळी अडकून बसते. तेल किंवा व्हॅसलीन अजिबात लावायचं नाही. लॉकची पकड घर्षणावर असते, तेलाने तीच जाते. खालचं टोक झिजतं, रबरी टोपीला भोक पडतं. दोन्ही सुटी मिळतात, म्हणून घेतानाच त्याच दुकानात सुटे भाग ठेवतात का ते विचारून घ्यावं. नाहीतर साठ रुपयांच्या टोपीसाठी काठी माळ्यावर जाते.

आपाच्या काठ्या माळ्यावर गेलेल्या नाहीत. पांडवलेण्याचा रविवार चालू आहे, आणि आता मोहल्ल्यातल्या आणखी तिघीजणी बरोबर असतात. त्यांतल्या एक खाला पुढच्या महिन्यात उमराहला निघाल्या आहेत. मक्केत जबल-ए-नूर चढून गार-ए-हिरापर्यंत जायची त्यांची फार इच्छा आहे. तो चढ उमराहचा भाग नाही, तब्येत पाहून ठरवा, असं आपाने त्यांना दोनदा सांगितलं. पण पायऱ्या आणि कातळ म्हटल्यावर काठ्या लागणारच. विमानात हातातल्या सामानात त्या नेऊ देतील या भरवशावर राहू नका, मोठ्या बॅगेत कपड्यांमध्ये ठेवा, हेही सांगितलं. खालांची उंची चार फूट अकरा इंच. परवा आपाने त्यांना अंगणात बूट घालून उभं केलं, कोपराचा काटकोन पाहिला, दोन्ही काठ्यांना 100च्या आकड्याशी नेलपॉलिशची खूण केली, आणि खटक्याचा स्क्रू आवळायला दहा रुपयांचं नाणं त्यांच्या पर्समध्ये टाकून दिलं.